बोक्याचं रक्त आणि सात दारं

परळच्या एका मोठ्या इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीत मी एकतीस वर्षं नोकरी केली. आधी काचेच्या नळ्या धुतल्या, मग लोकांच्या शिरा शोधल्या, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि शेवटी खिडकीशी बसून रिपोर्ट वाटले. त्या काळातली मी आज रस्त्यात भेटले, तर ओळख न दाखवता पुढे जाईन. मान ताठ, ओठ आवळलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन पेनं, आणि समोरच्या माणसाच्या आत काय चाललंय ते त्याच्या आईलाही कळत नसलं तरी आपल्याला कळतं, असा चेहरा. तिला मी आता 'बाईसाहेब' म्हणते. माझी नात कॉलेजसाठी माझ्याकडे राहते, तिला हा प्रकार फार आवडतो. "आजी, बाईसाहेबांचं काहीतरी सांग ना," म्हणून मागे लागते. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण बाईसाहेबांची बाजू बरोबर निघाली अशी गोष्ट काही सापडत नाही.

एका दुपारी एक गृहस्थ खिडकीशी आले. शर्ट इस्त्रीचा, हातात घडी घातलेला कागद. म्हणाले, "मॅडम, हा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आहे. जरा बघून सांगाल का, ठीक आहे ना?"

मी बघितलं. आकडे ओळखीचे, पण काहीतरी वेगळंच. "वय काय पेशंटचं?"

"नऊ."

"मुलगा की मुलगी?"

"कुत्री आहे," ते म्हणाले.

खोलीत आम्ही चौघी होतो. चौघी हसलो, पण सगळ्यात मोठ्याने बाईसाहेब. वर म्हणाल्या, "अहो, कुत्रीचं क्रिएटिनिन! उद्या कावळ्याची साखर काढायला आणाल. काय झालंय काय तिला?"

"काही नाही झालेलं. दर वर्षी करतो," एवढंच म्हणून त्यांनी कागदाची पुन्हा चार घड्यांची घडी केली आणि गेले. काही झालेलं नाही तर करायचं कशाला, हा प्रश्न आम्हाला संध्याकाळपर्यंत पुरला. डबे धुताना हसलो, बस स्टॉपवर हसलो.

तेव्हा माझ्या घरात एक मांजर होती. पांढरी, पाठीवर दोन काळे ठिपके. आमची चाळ लालबागची, आजही उभी आहे, चारी बाजूंनी टॉवर उठले तरी. खोली दहा बाय बारा, त्यात आम्ही माणसं चार आणि ती पाचवी. अकरा वर्षांची झाली तेव्हा ती पाणी फार प्यायला लागली. तिची वाटी भरून ठेवली की तासाभरात रिकामी. मग मोरीतल्या बादलीला तोंड लावायची. मला कौतुक! आल्यागेल्याला दाखवायची मी. "आमची मांजर बघा, किती पाणी पिते. आरोग्याला चांगलं असतं. माणसांना सांगून ऐकत नाहीत." ती हलकीही झाली होती. तेही मी छान म्हणून सांगत होते. या वयात अंग सुटलेलं बरं नाही, कशी सडपातळ राहिलीय.

आता बघा. इस्पितळात कोणी माणूस खिडकीशी येऊन म्हणाला असता की तहान फार लागते आणि कपडे सैल व्हायला लागलेत, तर मी डॉक्टरांची चिठ्ठी बघायच्या आधी सांगितलं असतं, साखर आणि किडनी बघून घ्या. झोपेत सांगितलं असतं. आणि घरी तीच दोन लक्षणं चार पायांवर चालत होती, तर मी त्यांची जाहिरात करत होते.

तिने खाणं सोडलं तेव्हा टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "मूत्रपिंडं गेली आहेत हो तिची. सहा-आठ महिने आधी आणली असतीत तर रक्तात दिसलं असतं. तेव्हा काही करता आलं असतं." आणि मग सहज, बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

बाईसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "गृहिणी आहे."

नोकरीतल्या एकतीस वर्षांत ती एकदाच स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोलली. मांजर चार दिवसांनी गेली. पुढे किती तरी वर्षं मी दुसरी आणली नाही.

मी निवृत्त झाले, मुलगा वडाळ्याला राहायला गेला, आणि एका पावसाळ्यात हा बोका आमच्या मजल्यावर आला. कुठून ते माहीत नाही. पिवळा, एका कानाला खाच, आणि चालणं असं की चाळ याच्याच नावावर आहे. तो माझा आहे असं फक्त मी म्हणते. आमच्या मजल्यावर सात खोल्या, एकच लांब गॅलरी, आणि दिवसभर सातही दारं उघडी. प्रत्येक दाराशी त्याला वेगळं नाव. त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही, नाहीतर उरलेली सहा दारं माझ्याशी बोलणं टाकतील. झोपायला मात्र तो माझ्याकडे येतो, म्हणून औषधपाणी माझ्याकडे. आधीच्या मांजरीचं ऋण त्याच्यावर फेडायचं मी मनाशी ठरवलं होतं. तो सात वर्षांचा असावा असं डॉक्टर म्हणाली, त्या वर्षापासून दर वर्षी एकदा रक्त. काही झालेलं नसताना.

डॉक्टर म्हणजे दादरच्या एका गल्लीतली तरुण मुलगी. दवाखाना छोटा, बोलणं मोकळं. तिने सांगितलं, "आजी, रात्री दहानंतर याला काही खायला नको. पाणी चालेल. सकाळी उपाशी पोटी आणा."

"मला सांगताय?" मी म्हटलं. "आयुष्यभर लोकांना हेच सांगितलंय मी."

सांगणं सोपं असतं. सात दारांच्या बोक्याला उपाशी ठेवणं ही काय भानगड आहे, ते मला आदल्या संध्याकाळी कळलं. कोंडून ठेवला तर रडून चाळ डोक्यावर घेईल. मग मी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उद्या माझं रक्त तपासायचं आहे. मला काही खायला देऊ नका', आणि रिबिनीने त्याच्या गळ्यात बांधला. नात म्हणाली, "आजी, हा बोका आहे की मोर्चा?"

सकाळी टॅक्सीने दादर. डॉक्टरने मागच्या पायाची शीर बघितली. मी म्हटलं, "आणा, मी काढते. मुरलेला हात आहे." ती हसून म्हणाली, "तुम्ही फक्त धरा." मी धरलं. त्याने माझ्या अंगठ्याला असा चावा घेतला की त्याच्याआधी माझंच रक्त आलं.

तिने नळी यंत्रात फिरवली, बाहेर काढली, उजेडात धरली. मला लांबूनच दिसलं. रक्त खाली बसलं की वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं. इथे ते पातळ ताकासारखं गढूळ होतं.

"आजी," ती म्हणाली, "याने काहीतरी खाल्लंय."

हे वाक्य मी हजारो माणसांना ऐकवलं होतं. वर, "खोटं बोलू नका, नळी सगळं सांगते," हेही. आता नळी मला सांगत होती.

घरी आले आणि थेट बाजूच्या खोलीतल्या काकींच्या दारात उभी राहिले. काकी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. त्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय या मजल्यावर कोणी मोठं झालेलं नाही, त्यात माझा मुलगाही आला.

"काकी, पाटी वाचलीत ना?"

"वाचलंय की. खावक कायच दिलंय नाय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"दूद दिलंय. सायीचां. उपासाक दूद चलता."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. काकींचे आठवड्याला दोन उपास, साठ वर्षांचा सराव. त्यांच्या हिशेबी उपाशी ठेवलेल्या जिवाला दूध न देणारं माणूस म्हणजे कसाई. "मुक्या जिवाक तसोच ठेवलंस असतंस तर तुका पाप लागला असता गो," त्यांनी मला बजावलं, आणि चहा टाकला.

आठवड्याने पुन्हा रक्त द्यायचं होतं, तेव्हा मी त्याला कोंडलाच. रात्रभर आणि सकाळी तो असा ओरडला की बाकीच्या सहाही दारांतल्या बायका माझ्या बंद दारासमोर जमल्या, जणू आत कोणाला डांबलंय. पण रक्त नितळ आलं. साखर जास्त दिसली तेव्हा मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाली, "ती भीतीची आहे, आजी. मांजरं घाबरली की साखर चढते. मधुमेह नाही." बाकी सगळं उत्तम.

काकींनी विचारलं, "मगे काय सापडलां?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"काय नाय? आणि ह्याच्यासाठी तेका उपाशी मारलंस?"

इस्त्रीच्या शर्टातले ते गृहस्थ मला त्या क्षणी आठवले. हसण्याची पाळी आता दुसऱ्यांची होती. मी तो रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत घातला आणि फाइल कपाटात नऊवारींच्या खाली ठेवली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच: कोंडणं, आरडाओरडा, टॅक्सी, सगळं ठीक, काकींचा प्रश्न. दुसरा कागद पहिल्यावर गेला.

तिसरं वर्ष हे, यंदाचं. तपासणी श्रावणानंतर आली. बोका जरा वाळलेला दिसत होता, पण ते कोणाच्या डोळ्यात आलं नाही, कारण आमच्याकडे तो श्रावणात वाळतोच. महिनाभर सातही घरांत मासळी बंद, मग हा दहीभाताकडे बघून तोंड फिरवतो आणि गौरी-गणपती झाले की पुन्हा भरतो. "श्रावण पाळतो आमचा बोका," असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. मीही म्हणायचे. अनुभवाने शहाणी झालेली मी, पहिल्या मांजरीला सडपातळ म्हणणारी मी, याला श्रावणाच्या खात्यात टाकून मोकळी झाले. तारीख ठरलेली नसती तर मी त्याला नेलाच नसता.

रिपोर्ट आला. मी चष्मा लावून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचा आकडा, बघितला. एक पूर्णांक नऊ. बाजूला छापलेली मर्यादा दोन पूर्णांक चारपर्यंत. मी सुटकेचा श्वास टाकला. "नॉर्मल आहे की."

डॉक्टरने संगणकावरचे मागचे दोन रिपोर्ट उघडले आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. पहिल्या वर्षी एक पूर्णांक दोन. गेल्या वर्षी एक पूर्णांक तीन. आणि आता हे. छापलेली मर्यादा सगळ्या मांजरांची आहे, आजी. याची स्वतःची ही इथे आहे. आणि हा तिच्या बाहेर निघालाय. वजनही उतरलंय."

खिडकीत बसून वर्षानुवर्षं मी छापलेल्या मर्यादेत बसलेल्या आकड्यांखाली रेघ न मारता कागद पुढे सरकवले. त्या माणसांचे आधीचे कागद कोणी मागितले होते? मी तर नाही. फाइलीतले दोन 'काही नाही' सापडलेले कागद आज पहिल्यांदा बोलत होते.

पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त, या वेळी लघवीही, आणि पोटाची सोनोग्राफी. आकडा तोच, लघवी पातळ. मूत्रपिंडांची सुरुवात. मी डॉक्टरला एकच विचारलं, "आधीची गेली तशी जाणार?"

"तेव्हा तुम्हाला शेवटी कळलं होतं," ती म्हणाली. "आता सुरुवातीला कळलंय. बरं होणार नाही हे, पण सांभाळता येतं. कित्येक मांजरं वर्षानुवर्षं छान राहतात. औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं. खास खाणं मी देते, तेवढंच द्यायचं. खारवलेलं, सुकवलेलं काही नाही. पाणी भरपूर. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. घरी काय काय खातो हा?"

"माझ्याकडे थोडासा भात आणि मासा."

"आणि बाहेर?"

बाहेर! मी पेन आणि जुन्या वहीचा कागद घेऊन बाकीची सहाही दारं फिरले. नात बरोबर होती. पहिल्या दाराशी सकाळी बिस्किटं, चहात बुडवून. दुसऱ्या दाराशी बांगड्याचं डोकं. तिसऱ्या दाराशी "आम्ही काही देत नाही हो" असं सांगतानाच आतून सुनेने विचारलं, "आई, बोक्याची सुकट कुठे ठेवलीय?" काकींकडे खारा बांगडा भाजून. एका दाराशी फरसाण. नात लिहिता लिहिता म्हणाली, "आजी, हा आपल्यापेक्षा चांगलं जेवतो." मला हसू आलं नाही. त्या कागदावर मीठ आणि सुकी मासळी सोडून दुसरं फारसं काही नव्हतं. डॉक्टरने नको म्हटलेलं सगळं हा दिवसाला सात वेळा खात होता.

कोंडून ठेवावा तर तो काही कोंडून राहायचा बोका नाही, अन्न टाकेल. मोकळा सोडावा तर सात दारं. म्हणजे बोक्याची मूत्रपिंडं आता माझ्या नव्हे, मजल्याच्या हातात होती.

संध्याकाळी मी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं आणि बाईसाहेबांना पुढे केलं. दुसरं काय करणार, सवय. मी उभी राहून मूत्रपिंड म्हणजे काय, क्रिएटिनिन म्हणजे काय, मिठाने काय होतं, हे सांगायला सुरुवात केली. आवाजही खिडकीतला निघाला. "यापुढे कोणीही याला काहीही देता कामा नये." एकीने निवडायचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. काकी उठल्या.

"म्हणजे माझ्या हातचां खाऊन तो आजारी पडलो?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागला. "ह्या हातान सगळ्यांची पोरां वाढली. तुझो पण. तेव्हा कोणाक काय झालां नाय."

"काकी, तसं नाही..."

"तसांच बोललंस तू." आणि त्या आत गेल्या. दार लोटलं. आमच्या मजल्यावर दिवसाचं लोटलेलं दार म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल.

नात माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू आता अगदी बाईसाहेबांसारखी बोललीस."

खरं होतं. मी काकींच्या दाराशी गेले, उंबऱ्यावर बसले आणि आतल्या अंधाराला उद्देशून सांगायला लागले. पहिल्या मांजरीचं सगळं. पाणी पिते म्हणून कशी मिरवत होते. सडपातळ म्हणून कसं कौतुक केलं. आणि डॉक्टरने विचारल्यावर मी स्वतःला गृहिणी म्हणून कसं सोडवून घेतलं. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नवरा होता तेव्हा त्यालाही नाही. "काकी, ती कोणाच्या हातचं खाऊन गेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर गेली. आणि माझा तर धंदाच तो होता. हा आजार कोणी दिलेला नाही, वयाने येतो. फक्त आता तो आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि तेव्हा नव्हतं."

आतून आवाज आला, "गृहिणी म्हणून सांगितलंस?"

"हो."

"मेले," काकी म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मला आत जाऊन पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "पण दारात येतलो तो. तेका हात हलवीत पाठवू? तां माका जमाचां नाय."

हीच खरी अडचण होती. द्यायला काहीच नाही, हे या बायकांना जमणार नव्हतं, आणि त्यात चूक कोणाची नव्हती. मी डॉक्टरला फोन केला. ती जरा विचार करून म्हणाली, "उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चालेल. बलक नाही. चमचाभर, दिवसातून एकदाच. सगळ्यांनी मिळून एकदा." आणि पाणी तर हवंच होतं, तेव्हा पाण्याची वाटी प्रत्येक दाराशी ठेवायची.

सात दारं, सात वार. मला वाटलं, सुटलं. एका दाराला एक वार, त्या दिवशी चमचा त्यांचा. मी कागदावर आखलं, वर वार लिहिले आणि फिरवलं. कागद परत आला तेव्हा बुधवार, शुक्रवार आणि रविवार यांच्यासमोर बाकीच्या सहाही दारांची नावं होती, बाकी रकाने कोरे.

सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. त्या दिवशी घरात अंडं शिजत नाही, मग ते बोक्याचं का असेना.

"तो काय शंकराचा उपास करतो का?" नातीने विचारलं.

"आम्ही करतो ना," बिस्किटवाल्या दारातून उत्तर आलं.

दोन दिवस यावर गॅलरीत जी चर्चा झाली तशी महापालिकेत होत नसेल. शेवटी तोड काकींनीच काढली. अंडं माझ्याकडे शिजायचं, कारण मी कोणताच वार पाळत नाही, आणि इतकी वर्षं माणसांच्या रक्तात बोटं बुडवलेल्या बाईला आता कसला विटाळ, हे त्यांचंच म्हणणं. मी पांढरा भाग कापून वाटीत द्यायचा. ज्या दाराचा वार, त्या दाराने तो गॅलरीत, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बोक्याला घालायचा. घरात अंडं आलं नाही, वार मोडला नाही, आणि बोक्याला हात हलवत कोणी पाठवला नाही. सोमवार काकींनी स्वतः मागून घेतला. बलक मी खाते. माझं कोलेस्टेरॉल हा वेगळा विषय आहे.

पहिले पंधरा दिवस बोका सातही दारांशी उभा राहून अशा नजरेने बघायचा की आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्याविरुद्ध कट केलाय. डॉक्टरचं खास खाणं त्याने आधी पायाने सरकवलं. मग एक दिवस खाल्लं. मग वाटी चाटली. तिसऱ्या दाराने एकदा सुकटीचा चोरटा प्रयत्न केला, तो दुसऱ्या दाराने पकडला आणि संध्याकाळपर्यंत मजल्यावर कोर्ट भरलं. मला मध्ये पडावंच लागलं नाही. बाईसाहेबांनी सगळं इस्पितळ हाताळलं असतं, पण असा पहारा त्यांना कधी बसवता आला नसता.

तीन महिने झाले. मी बोक्याला आदल्या रात्री आत घेतला. या वेळी दारासमोर कोणी जमलं नाही. काकींनी आपलं सकाळचं दूधसुद्धा दार बंद करून प्यायलं, त्याला वास जाऊ नये म्हणून. डॉक्टरने रक्त घेतलं, वजन केलं, आणि रिपोर्ट संध्याकाळी फोनवर येईल म्हणाली.

संध्याकाळी गॅलरीत बसले होते. फोन नातीच्या हातात वाजला. "आला, आजी. उघडू?"

मी आयुष्यात किती रिपोर्ट हातात धरले असतील त्याची गणती नाही. लोक खिडकीशी ज्या तोंडाने उभे असायचे ते तोंड मी रोज बघितलं आणि कधी त्यांना आधी बसा म्हटलं नाही. काकी त्यांच्या दारातून उठून माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या. माझ्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला, आणि काढला नाही.

"वाच," मी म्हटलं.

"वजन दोनशे ग्रॅमने वाढलंय. क्रिएटिनिन..." तिने बोटाने पडदा मोठा केला. "एक पूर्णांक नऊ."

"तेवढांच?" काकींनी विचारलं. "कमी नाय झालां?"

"नाही काकी. तेवढंच."

"मगे?"

"मग काय, तेवढंच राहिलं," मी म्हटलं. "वाढलं नाही. वाढायचं असतं तर तीन महिन्यांत वाढलं असतं. याच्यात तेवढंच राहणं म्हणजे पास झाला."

काकींनी स्वतःच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तेवढांच रवलां तर बरांच हा," त्या म्हणाल्या. "आपलां पण तेवढांच रवलां तर किती बरां."

तोवर बातमी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. तिकडून कोणीतरी ओरडून विचारत होतं, किती आला, किती आला, जणू दहावीचा निकाल. नात ओरडून सांगत होती. बोका कठड्यावर पाय पसरून झोपला होता. पुढची तपासणी कधी, हे काकींनी मला दोनदा विचारून घेतलं आणि आत जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर पेन्सिलीने गोल काढला. मग आतूनच विचारलं, त्याच्या आदल्या रात्री त्याला कोणी सांभाळायचं, माझ्याकडे का त्यांच्याकडे.

"तुमच्याकडे," मी म्हटलं. "पण दूध नाही हं."

"गप," काकी म्हणाल्या.